पोतं फोडायला कुणी सांगितलं होतं?

बस. पाणी नंतर पी, आधी टीव्हीकडे बघ. ही तू काल आणून दिलेली डिस्क. प्राणहितेच्या घाटावर बाया डुबकी मारताहेत म्हणे. मला पाण्याच्या जागी ठिगळांची गोधडी दिसते. भटजींचा मंत्र आधी ऐकू येतो, ओठ मागून हलतात. आणि ही माणसं अशी काकडीसारखी लांबुडकी का? 2010च्या डिसेंबरात प्राणहितेच्या पुष्कर मेळ्याला मी स्वतः कॅमेरा घेऊन उभा होतो. तेव्हा सिरोंच्यात कुणी असं दिसत नव्हतं.

आता सांग, काय केलंस? ‘सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, डीव्हीडीचं बटण दाबलं, रात्रभर लावून झोपलो.’ शाबास! रात्रभर मशीन राबलं म्हणजे काम झालं, असंच ना? मधे लाइट गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावलंस, तेही मोठ्या अभिमानाने सांगतोस.

अरे बाबू, मी तुला फाइल दिल्या तेव्हा एकदा तरी उघडून बघितल्यास का, आत काय आहे? मीडियाइन्फो फुकट मिळतं, दोन मिनिटांत सगळं सांगतं. माझा कॅमेरा हार्ड डिस्कवाला. तो चित्र थेट एमपेग-2 मध्ये ठेवतो, 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, बिटरेट साधारण 9 मेगाबिट. आवाज एसी-3, 48 किलोहर्ट्झ. आता आपल्याकडच्या पॅल डीव्हीडीला काय लागतं ते सांग. नाही ना येत? एमपेग-2, 720 बाय 576, 25 फ्रेम, चित्राचा बिटरेट 9.8 मेगाबिटच्या आत, चित्र-आवाज सगळं मिळून 10.08च्या आत, आवाज 48 किलोहर्ट्झ. म्हणजे डिस्कला जे हवं तेच तुझ्या हातात होतं. काहीही बदलायचं नव्हतं.

आपल्याकडे मिरची निघते तेव्हा काय करतात? बैलगाडीतलं पोतं उतरवायचं, ट्रकात चढवायचं. पोत्याचं तोंडसुद्धा सोडत नाहीत. तू काय केलंस? पोतं फोडलंस, मिरची कांडून तिखट केलंस, आणि त्या तिखटाची पुन्हा मिरची वळायला बसलास. री-एन्कोड म्हणजे हेच. कॅमेऱ्याने एकदा चित्रातलं बारीकसारीक गाळलेलं असतं, तू ते उलगडून पुन्हा गाळलंस. त्यातही वाहतं पाणी, उडणारे तुषार, हलणारी गर्दी. एमपेगला सगळ्यांत जड जातं ते हेच, कारण एका फ्रेममधलं पुढच्या फ्रेमला उसनं देता येत नाही. बिटरेट कमी केलास की चौकटी पडणारच. अख्ख्या पुष्करात पाणी आणि गर्दी सोडून दुसरं होतं काय?

बिटरेट कमी का केलास, तेही मला ठाऊक आहे. दोन तास पन्नास मिनिटं एकाच डिस्कवर कोंबायची होती. डिस्कवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर तीच 4.37 दाखवतो. माझ्या कॅमेऱ्याच्या बिटरेटला तासाभराचं चित्रण मावतं, त्याहून फार नाही. मग तीन डिस्क कर! अंकिसा, असरअल्लीकडच्या ज्या घरांतून मागणी आली, त्यांनी एकच डिस्क पाहिजे म्हणून हट्ट धरला होता का? त्यांना घाट दिसायला हवा होता. गोदावरीवर पूल नव्हता तेव्हाचा, माणसं नावेने कालेश्वरला जायची तेव्हाचा. पलीकडे अजून आंध्र प्रदेश होता. ते दिवस आता पुन्हा टिपता येणार आहेत का?

लांबुडक्या माणसांचं ऐक. डीव्हीडीवर 16:9 चं चित्रसुद्धा 720 बाय 576 मध्येच बसवलेलं असतं. रुंद करून दाखव, अशी एक खूण सोबत असते, तिच्यावरून प्लेयर ते ताणतो. तुझ्या सॉफ्टवेअरने 4:3 ची खूण मारली आणि तू बघितलंही नाहीस. खूण बदलायला चित्राच्या एका ठिपक्यालाही हात लावावा लागत नाही, हेडरमधली नोंद दुरुस्त केली की झालं.

आणि आवाज. तू आवाज आणि चित्र वेगळे काढलेस, म्हणजे डीमक्स. त्याला माझी ना नाही, बहुतेक वेळा करावंच लागतं. पण मूळ फाइलमध्ये दोन्हींवर वेळेचे शिक्के असतात. आवाज कधी चित्राच्या थोडा आधी सुरू होतो, कधी नंतर. वेगळे केले की शिक्के जातात. प्रोजेक्टएक्ससारखं साधन तो फरक मिलिसेकंदांत सांगतं. तो कागदावर लिहून ठेवायचा आणि जोडताना परत द्यायचा. एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. 120चा फरक विसरलास की तीन फ्रेम गेल्या, आणि म्हातारी माणसं म्हणणार, भटजींचं तोंड चुकतंय.

‘सर, मधले नको असलेले तुकडे कापायचे होते, म्हणून एन्कोड केलं.’ हे कारण तू सांगणारच होतास! कापायचं तर आय-फ्रेमवर काप, म्हणजे जी फ्रेम दुसऱ्या कुठल्या फ्रेमवर अवलंबून नसते तिच्यावर; तिथून फ्रेमचा नवा गट सुरू होतो. या पॅल डिस्कवर एका गटात जास्तीत जास्त 15 फ्रेम, म्हणजे 0.6 सेकंद. फार तर अर्धा सेकंद इकडे तिकडे होईल. अर्ध्या सेकंदासाठी तू पावणेतीन तासांचं चित्रण खराब केलंस.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. 2022च्या एप्रिलातल्या पुष्कराचे मोबाइलवरचे तुकडे तू शेवटी जोडलेस, ते आहे तसे बसणार नव्हते. ते एच.264 मधले, सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम, त्याही कमीजास्त होणाऱ्या. ते एन्कोड करावेच लागणार. पण तेवढेच! त्यांना वेगळं टायटल दे, माझ्या चित्रणाला का त्यांच्यासोबत चरकात घातलंस? तसंच डिस्कवरच्या त्या भजनाचं. ते 44.1 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झालेलं, डीव्हीडी घेत नाही. मग आवाज तेवढा 48चा एसी-3 कर आणि चित्र ‘कॉपी’वर ठेव. एफएफएमपेगला चित्राचं वेगळं, आवाजाचं वेगळं सांगता येतं. डीव्हीडीस्टायलरमध्येसुद्धा ‘कॉपी’ निवडता येतं. तू ते उघडलंस, पण त्या रकान्यापर्यंत तुझी नजर गेली नाही.

मान खाली घालून काय उपयोग? मूळ फाइल कुठे आहेत, ते बोल.

पुसल्या. जागा करायला. वाटलंच होतं मला.

तुला दिल्या त्या नकला होत्या. मूळ डिस्क माझ्या कपाटात आहे. संध्याकाळी ये आणि रिकाम्या हाताने येऊ नको. वहीत प्रत्येक फाइलचा कोडेक, मोजमाप, फ्रेम, बिटरेट, आवाजाचा दर आणि फरक यांचे रकाने आखून आण. ते माझ्यासमोर भरल्याशिवाय मी तुला एक फाइल देणार नाही. आणि तीन कोऱ्या डिस्क घेऊन ये, तुझ्या पैशाने.