दोघांच्या बर्थवरचा एकटा

लाओसच्या व्हिएन्तिआन या राजधानीतल्या दक्षिण बस स्थानकावरून रात्री आठ-साडेआठच्या सुमाराला पाक्सेकडे जाणाऱ्या स्लीपर बसगाड्या सुटतात. अंतर साडेसहाशे किलोमीटरहून थोडं जास्त, पोचेपर्यंत उजाडतं. या गाड्यांमधले बर्थ दोघांचे असतात. एकट्याने तिकीट काढलं की शेजारी कोण येणार हे आपल्या हातात राहत नाही. बाईशेजारी बाई आणि पुरुषाशेजारी पुरुष, एवढं मात्र पाहिलं जातं. मग जर्मनीहून, इस्रायलहून, हल्ली पुण्या-मुंबईहूनही आलेला आणि ‘मी एकटाच फिरतो’ असं अभिमानाने सांगणारा तरुण रात्रभर एखाद्या लाओ शेतकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून झोपतो. शेतकऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. एकटं असण्याचा दावा त्याने केलेलाच नसतो.

लाओस हा बसने फिरायचा देश. वस्ती पंचाहत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी. समुद्र नाही. पश्चिमेला मेकाँग, पूर्वेला व्हिएतनामलगतचे डोंगर, आणि उत्तरेतल्या चीनच्या सीमेपासून दक्षिणेतल्या कंबोडियापर्यंत देशभर गेलेला एक रस्ता, क्रमांक १३. मोठ्या गावांच्या मध्ये बस, लहान गावांकडे सोंगथाव, म्हणजे मागच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकं टाकलेली पिकअप गाडी. बस भरली की मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं मांडतात. पायाखाली तांदळाची पोती, टपावर कुणाची तरी मोटरसायकल. घाट लागण्याआधी क्लीनर प्लास्टिकच्या पिशव्या वाटत जातो. कशासाठी ते पहिल्या दहा वळणांत समजतं. पाट्या लाओ लिपीत. कुठे उतरायचं, जेवणासाठी गाडी किती वेळ थांबणार, पुढची गाडी कोणती, हे सगळं प्रवाशाला कुणीतरी खुणेने सांगावं लागतं, आणि कुणीतरी सांगतंच.

असा फिरणारा माणूस त्या देशाचं काय देणं लागतो?

काहीच नाही, असं पाठीवर सॅक घेतलेल्या बहुतेकांना मनातून वाटतं. तिकिटाचे पैसे दिले, खोलीचे दिले. पंचतारांकित हॉटेलात उतरून कुणाचं पाणी पळवलं नाही, विमानाने डोक्यावरून उडत गेलो नाही. यातला काही भाग खरा आहे. बसवाल्याला, नूडल्सच्या टपरीला आणि चार खोल्यांच्या गेस्ट हाउसला दिलेला पैसा बराचसा त्याच गावात राहतो, आणि मोठ्या रिसॉर्टबद्दल असं दर वेळी म्हणता येत नाही. पण कमी खर्च करणं आणि कमी देणं लागणं यांची गल्लत सॅकवाल्यांच्या जगात सर्रास होते. पैसे वाचवणं हा तिथे सद्गुण मानला जातो. कुणी किती स्वस्तात महिना काढला याच्या गोष्टी रंगतात, आणि त्या गोष्टींत समोरच्या विक्रेत्याचा चेहरा क्वचितच दिसतो.

लाओसचं चलन किप. २०२१च्या सुरुवातीला एका डॉलरला नऊ हजारांच्या वर किप मिळत. २०२४मध्ये तो भाव एकवीस हजारांच्या पुढे गेला. २०२३च्या सुरुवातीला देशातली महागाई चाळीस टक्क्यांवर होती. प्रवाशांच्या भाषेत याला ‘लाओस आता खूप स्वस्त झालंय’ असं म्हणतात. पगार किपमध्ये घेणाऱ्या माणसाने तेल, औषध, खत विकत घ्यायला जावं, म्हणजे त्याला या स्वस्ताईचा अर्थ कळतो. त्या वर्षांत मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये कामाला जाणाऱ्यांची रांग वाढली. नाँग खाईच्या पुलावर एका बाजूने सॅकवाला हौसेने आत येत असतो आणि दुसऱ्या बाजूने लाओ पोरगा गरजेने बाहेर पडत असतो. अशा वेळी रात्रीच्या बाजारात ओढणीसाठी दहा हजार किपची घासाघीस करायला हरकत नाही, भाव करणं हा तिथल्याही व्यवहाराचा भाग आहे. मात्र आपण चाळीस रुपयांसाठी हसत हसत पंधरा मिनिटं झुंजतो आहोत, हे त्या वेळी लक्षात असावं. बहुतेकांना विक्रेत्याने नमतं घेतल्याचा आनंद त्या चाळीस रुपयांहून मोठा वाटतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

उत्तर थायलंडमधून येणारे बरेचसे सॅकवाले मेकाँगवरच्या २०१३मध्ये झालेल्या पुलावरून हुए साय या गावी लाओसमध्ये शिरतात. हे गाव बोकेओ प्रांतात आहे. याच प्रांतात ‘गोल्डन ट्रँगल’ नावाचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे, आणि तिथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत नोकरीच्या आमिषाने आणलेल्या भारतीय मुलांना अडकवून ठेवल्याबद्दल आपल्या दूतावासाने अनेकदा इशारे दिले आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये दूतावासाने तिथून ४७ भारतीयांना सोडवलं. एजंट संगणकावरचं साधं काम सांगतो, थायलंडच्या बाजूने सीमा ओलांडवतो, पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो. एकाच वयाची दोन भारतीय मुलं एकाच प्रांतात असतात. एकाचा पासपोर्ट कमरेच्या पाकिटात, दुसऱ्याचा मालकाच्या कपाटात. मनाला येईल तिथे उतरून पडण्याचं स्वातंत्र्य ही स्वतःची कर्तबगारी समजणाऱ्याने हुए सायला दुसऱ्या मुलाची आठवण ठेवायला हवी.

रस्ता १३ वांग विएंगवरून जातो. या गावाची कथा एकट्यांच्या टोळक्याचं काय होतं याची आहे. १९९९मध्ये इथल्या एका शेतमालकाने शेतावर राबायला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांसाठी ट्रकच्या चाकांच्या ट्यूब आणल्या. दिवसभराच्या कामानंतर नाम साँग नदीत तरंगत यावं, एवढाच बेत. काही वर्षांत त्या ट्यूबचा धंदा झाला. नदीकाठी दारूचे अड्डे उभे राहिले, वरून उड्या मारायला बांबूचे मनोरे आणि झोके आले, बादलीतून दारू मिळू लागली आणि खाद्यपदार्थांच्या यादीत अमली पदार्थ आले. नदी काही ठिकाणी उथळ आणि खडकाळ. २०११ या एका वर्षात गावातल्या रुग्णालयाने २७ प्रवाशांच्या मृत्यूंची नोंद केली. २०१२च्या ऑगस्टमध्ये सरकारने नदीकाठचे अड्डे बंद पाडले.

ती मुलं वाईट नव्हती. आपल्या गावच्या नदीत बादलीभर दारू पिऊन त्यांनी उडी मारली नसती, कारण तिथे आई असते, शेजारी असतात, पोलीस ओळखीचा असतो. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तेव्हा इथलं काही मोजायचं नाही, अशी काहीतरी समजूत परक्या गावात अंगात शिरते. गाव मात्र ज्याचं त्याचं असतं. सॅकवाल्यांचा आठवड्याचा हैदोस आणि गावकऱ्यांची रोजची नदी, एकच पाणी.

देणं एका बाजूचंच असतं असंही नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये याच वांग विएंगमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी प्रवाशांचा बळी घेतला. त्यात एकोणीस वर्षांच्या दोन ऑस्ट्रेलियन मैत्रिणी होत्या. ‘पितातच कशाला’ म्हणून मोकळं होणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण हा शेरा अन्यायाचा आहे. मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. पेला पुढे करणाऱ्यावर विश्वास ठेवण्याखेरीज पाहुण्याच्या हातात काही नसतं, आणि तो विश्वास राखण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आणि तिथल्या सरकारची. मुंबईत मालाडच्या मालवणीत २०१५च्या जूनमध्ये अशाच दारूने शंभरावर माणसं मेली. ती वस्तीतली हातावर पोट असलेली माणसं. त्या सहा जणांच्या देशांनी आपल्या नागरिकांना तातडीने सावध केलं, जगभर बातम्या झाल्या. मालवणीतल्या शंभरांची नावं आपल्यातल्या किती जणांनी वाचली होती?

लुआंग प्रबांगला पूर्वी याच रस्त्याने दिवसभर घाट चढत-उतरत जावं लागे. २०२१च्या डिसेंबरमध्ये चिनी बनावटीची रेल्वे सुरू झाली आणि व्हिएन्तिआनपासूनचा प्रवास दोन तासांवर आला. बसवाल्यांचं गिऱ्हाईक घटलं, गर्दी वाढली. १९९५पासून जागतिक वारसा असलेल्या या नगरात उजाडण्यापूर्वी भिक्षू अनवाणी एका रांगेत निघतात. रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसलेल्या बायका त्यांच्या पात्रांत चिकट भाताचे घास ठेवतात. बोलणं नाही, घाई नाही. विहारांबाहेर सूचना लावलेल्या आहेत: रस्त्याच्या पलीकडे उभं राहा, फ्लॅश वापरू नका, अंगभर कपडे घाला, भात द्यायचाच तर वाटेवरच्या विक्रेत्यांकडून न घेता सकाळच्या बाजारातून आणा. तरीही भिक्षूंच्या नाकासमोर कॅमेरे येतात. दहा वर्षांचा श्रामणेर मान खाली घालून चालत राहतो. आषाढीला चंद्रभागेत आंघोळ करणाऱ्या बायकांवर लेन्स रोखणारे महाभाग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेगळं काही सांगायला नको. काहींना नुसतं पाहणं पुरत नाही, ओळीत बसून दान देतानाचा स्वतःचा फोटो हवा असतो. पलीकडच्या फुटपाथवर गप्प उभं राहण्यात सहभाग कमी असतो, अशी त्यांची समजूत असावी.

रेल्वे जिथे जात नाही अशा फोनसावानला मात्र सॅकवाले आजही बसनेच जातात. शिएंग खुआंग प्रांतातलं हे गाव. आसपासच्या पठारावर माणसाच्या उंचीचे प्राचीन दगडी रांजण शेकडोंनी पसरलेले आहेत. २०१९मध्ये त्यांनाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रांजणांकडे जाताना जमिनीत बसवलेल्या लहान खुणा दिसतात, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. पांढऱ्या बाजूची जमीन स्फोटकं काढून साफ केलेली असते. लाल बाजूला पाय टाकायचा नाही.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर पाच लाख ऐंशी हजार उड्डाणं केली आणि वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमान. अमेरिकेने या देशाविरुद्ध युद्ध पुकारलेलं नव्हतं. क्लस्टर बॉम्बच्या पोटातले चेंडूएवढे छोटे बॉम्ब सत्तावीस कोटींच्या घरात टाकले गेले. त्यांतले सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. स्थानिक लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. शेत नांगरताना, चूल पेटवताना, मुलांच्या खेळात ते अजूनही फुटतात.

फोनसावानजवळच्या बान नापिया गावात लोक युद्धातलं अॅल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. प्रवाशापुढे इथे खरा पेच उभा राहतो. चमचा घेतला तर एका घराला पैसे मिळतात. पण भंगाराला भाव आला की भंगार शोधायला लोक रानात शिरतात, मुलंही शिरतात, आणि भंगारासोबत बॉम्बीही हाताला लागते. यात हात पूर्ण स्वच्छ ठेवणारा पर्याय नाही. या स्तंभापुरता कौल असा: चमचा घ्यावा, कारण त्यात कारागिराची मजुरी आहे, आणि धातू कुठून आला ते विचारून घ्यावा. बॉम्बचं कवच किंवा तुकडा आठवण म्हणून कधीही घेऊ नये.

इथवर आलेला भारतीय प्रवासी एका बाबतीत निवांत असतो. हे पाप अमेरिकेचं. २०१६च्या सप्टेंबरमध्ये ओबामा व्हिएन्तिआनला गेले, पदावर असताना लाओसला गेलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. स्फोटकं काढण्यासाठी त्यांनी तीन वर्षांत नऊ कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. आपला यात काय संबंध, असं म्हणत तो पाक्सेच्या नाहीतर हनोईच्या बसची चौकशी करू लागतो. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८मध्ये ओस्लोत सह्यांसाठी खुला झाला आणि १ ऑगस्ट २०१० रोजी अमलात आला. करारातल्या देशांची पहिली बैठक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिएन्तिआनला भरली. त्या करारावर अमेरिकेने सही केलेली नाही. भारतानेही केलेली नाही.