मुदतीच्या आत

कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज गावात दर हिवाळ्यात हिमशिल्पांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. प्रत्येक संघाला दाबून घट्ट केलेल्या बर्फाचा सुमारे २५ टनांचा, दोन पुरुष उंचीचा ठोकळा मिळतो. विजेवरची हत्यारं चालत नाहीत, आत सळईचा आधार चालत नाही, रंगही चालत नाही. हातकरवती, छिन्न्या आणि फावडी घेऊन माणसं कडाक्याच्या थंडीत दिवसचे दिवस खपतात. पुढे थोड्याच दिवसांत त्यातलं काहीच उरत नाही.

असं काही पाहिलं की आपल्या तोंडून हमखास निघतं, "एवढी मेहनत, आणि उन्हात जाणार? काय उपयोग?" तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल. प्रश्न वेडगळ नाही. कष्टाचं काहीतरी मागे उरावं, हे आपण घरातच शिकलो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर असतं: सगळंच क्षणभंगुर आहे. गणपती विसर्जनाचा दाखलाही लगेच देता येतो. मला ते उत्तर अपुरं वाटतं. सगळंच जाणार असेल, तर मग नीट तरी कशाला करायचं? क्षणभंगुरतेचं तत्त्वज्ञान आळशालाही सोयीचं असतं.

जपानमधल्या साप्पोरोचं पाहा. १९५० साली तिथल्या शाळकरी मुलांनी ओदोरी बागेत सहा हिमशिल्पं केली आणि आजचा मोठा महोत्सव त्यातून उभा राहिला. आता तिथली मोठी शिल्पं इमारतीएवढी असतात. त्यांच्यासाठी स्वच्छ बर्फ ट्रक भरभरून बाहेरून आणतात, कारण मळका बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. पाण्यात कालवलेल्या बर्फाचा गारा करून तुकडे सांधतात. महोत्सव संपला की ही शिल्पं कुणाच्या अंगावर कोसळू नयेत म्हणून यंत्रं लावून पाडून टाकतात. म्हणजे शेवटाची तारीख आधीच ठाऊक असते. तरी बर्फ आणताना कुणी म्हणत नाही, "आठवड्याचाच तर प्रश्न आहे, मळका चालेल."

हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे, फक्त आपण ते बर्फाबद्दल म्हणत नाही. "अजून दोन वर्षं, मग परत" असं म्हणत आपल्यातल्या कितीतरी जणांची वीस वर्षं परदेशात गेली. आखातात नोकरी संपली की बहुतेकांना निघायचंच असतं. अमेरिकेत व्हिसाच्या मुदतीवर घर हलतं. मग भिंतीला खिळा ठोकायचा राहतो, शेजाऱ्यांची नीट ओळख करून घ्यायची राहते, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेला जायचं राहतं. "इथे कुठे कायमचं राहायचंय?" हे ऐकायला व्यवहारी वाटतं. पण त्याची किंमत मोजतं आपलं मूल, कारण त्याचं अख्खं बालपण त्या तात्पुरत्या घरात होऊन जातं. त्याला ते तात्पुरतं कधीच नसतं.

यावर तुम्ही म्हणाल, शिल्पकार तिथे हौसेने उभा असतो आणि त्याला शेवटाची तारीख माहीत असते. ज्याच्या डोक्यावर व्हिसाची टांगती तलवार आहे, त्याला "मन लावून राहा" सांगणं सोपं. बरोबर आहे. अनिश्चितता माणसाला थकवते, आणि थकलेल्याला उपदेश नको असतो. पण मुदत आपल्या हाती नसली, तरी त्या मुदतीत कसं वागायचं हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असतं.

लहानपणी हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दिवाळीचा किल्ला मोडणार हे ठाऊक असूनही ढासळलेला बुरूज आपण पुन्हा लिंपायचो, उतारावर अळीव पेरायचो आणि रोज सकाळी कोंब आले का ते बघायचो.

तुमच्या घरातली कोणती भिंत "जायचंच आहे" म्हणून अजून रिकामी आहे?