जुनी गाडी, नवी इच्छा

एखादी वस्तू स्वस्तात मिळते आहे, एवढ्यावरून ती घेणे योग्य ठरते का? वरवर पाहता हा प्रश्न बाजाराचा आहे. थोडे आत डोकावले, की तो मनाचा आहे हे लक्षात येते.

चंडीगढमध्ये राहताना हा प्रश्न रोज समोर येतो. सेक्टर 8 ते 11 च्या परिसरातील रस्त्यांना इथली तरुण मुले 'गेडी रूट' म्हणतात. गेडी म्हणजे फेरी. कुठे पोहोचायचे नसते, गाडी लोकांना दिसावी म्हणून फिरवायची असते. याच शहरात 2022 मध्ये 0001 हा वाहन क्रमांक लिलावात 15 लाख 44 हजार रुपयांना गेला, आणि तो घेतला होता सुमारे 71 हजारांच्या नव्या स्कूटरसाठी. दुसऱ्यांच्या नजरेची किंमत आपण किती मोजतो, हे यावरून कळते.

माझा दादा मोहालीत नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याला एक आठ वर्षे जुनी स्पोर्ट्स कार आवडली. मूळ किंमत 65 लाख, आता मागणी 18 लाखांची. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

लाभाची बाजू

आयकराच्या नियमांत अशा गाडीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्के घसारा धरतात. त्या दराने 65 लाखांचे आठ वर्षांनी साधारण 17 लाख 71 हजार उरतात. म्हणजे मोठे नुकसान पहिल्या मालकाने सोसलेले असते. तयार वस्तू आणखी काही वर्षे वापरली जाते, हेही चांगलेच. उत्तम बनवलेल्या यंत्राचे कौतुक वाटणे हा काही दोष नाही. ज्यांनी ते घडवले, त्यांच्या कष्टांचा तो आदरच आहे.

हानीची बाजू

गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी 18 लाखांची, पण टायर, ब्रेक आणि दुरुस्ती 65 लाखांच्या गाडीची. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त पडते. चंडीगढच्या दुभाजक असलेल्या रस्त्यांवरही कारला वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर. जागोजागी कॅमेरे. मग तो वेग वापरायचा कुठे? आणि त्या गाडीला आसने दोनच. आमच्या घरात माणसे चार.

हिशेब कोण लिहितो?

आता एक कबुली देतो. मी केलेल्या पहिल्या हिशेबात गाडी सहज परवडत होती. पुन्हा तपासला तेव्हा दिसले की टायरचा खर्च मी निम्माच धरला होता आणि विम्याचे दुसरे वर्ष लिहिलेच नव्हते. मला बेरीज येत नाही, असे नाही. त्या गाडीत दादाच्या शेजारी बसून गेडी रूटवर फिरायची इच्छा माझीच होती. आकडे मी लिहीत होतो, पण सांगत होती ती इच्छा.

जुन्या वस्तूच्या मोहात हाच खरा धोका आहे. नवी महागडी वस्तू घेताना आपल्याला निदान उधळपट्टी दिसते. जुनी घेताना तीच इच्छा काटकसरीचे कपडे घालून येते. 'किती वाचले' हे आपण मोठ्याने सांगतो, 'किती गेले' हे विचारतच नाही.

दादाचे ते पैसे आई-बाबांच्या नाशिकच्या घरासाठी साठवलेले होते. त्याने बाबांना फोन केला. बाबा लगेच म्हणाले, "घे की रे. भाड्याच्या घरात आमचं काही अडत नाही." बाबांनी नाही म्हटले असते तर दादा कदाचित वाद घालून गाडी घेऊन आला असता. कोणी अडवलेच नाही, तेव्हा निर्णयाचा सगळा भार त्याच्यावर आला. दोन दिवस तो गप्प होता. मग त्याने विक्रेत्याला नकार कळवला. त्याला वाईट वाटले, अजूनही वाटते. तशी गाडी शेजारून गेली की तो मान वळवून बघतो.

तुमच्या मनात अशी एखादी वस्तू असेल, मग ती गाडी असो, फोन असो की दागिना, तर मनाला दोष देऊ नका. फक्त कागद घेऊन बसा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. ही वस्तू कोणी पाहणार नसेल, तरी मला हवी आहे का? ती सांभाळायला दरमहा किती लागेल? आणि माझ्या आनंदासाठी घरातले कोण न बोलता काय सोडणार आहे?

मग तो कागद अशा माणसाला दाखवा, ज्याला ती वस्तू नको आहे. हिशेब खरा निघाला, तर वस्तू आनंदाने घ्या, निगा राखा, चार जणांना तिचा उपयोग होऊ द्या. खरा निघाला नाही, तरी तुमचे काही गेले नाही. आपली इच्छा आपल्याशी कसे खोटे बोलते, हे एकदा दिसले. पुढच्या वेळी ती कोणत्याही रूपात आली, तरी ओळखता येईल.