अंगण कोणाचें वांकडें?

भाताच्या कापणीच्या दिवसांत तिकोणा पेठेच्या वाटेनें गडाकडे निघालें कीं, दोन्ही बाजूंच्या खाचरांतून विळ्यांची लय ऐकूं येते. मागील हंगामांत अशाच एका खाचरापाशीं मी थांबलों. ओळींतील एक बाई डाव्या हातानें कापीत होती. बाजारांतला विळा बहुधा उजव्या हातासाठीं घडविलेला असतो. डाव्या हातांत त्याची धार नीट लागत नाहीं. मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "लोहाराकडनं उलट्या अंगाला धार काढून घेतली, दादा. तंवर मी मागं पडायचे, अन् लोक म्हनायचे, आळशी हाय."

हें शेवटलें वाक्य मला लागलें. कारण थोड्याच दिवसांपूर्वीं तोच अन्याय माझ्या हातून घडला होता. माझा भाचा हिंजवडीस एका कचेरींत संगणकाच्या आज्ञावली लिहितो. तो म्हणाला, "मामा, ज्या साधनांत दिवसभर लिहावयाचें, त्याची एक कळहि आपल्या सोयीनें बदलण्याची मला मुभा नाहीं. मनगट दुखतें आणि लक्षहि तुटतें." मीं प्राध्यापकी थाटांत उत्तर दिलें, "नाचतां येईना, अंगण वांकडें!" तो हंसून गप्प बसला.

परंतु अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. पुण्यांत वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टि चौदाव्या वर्षीं काचबिंदूमुळें गेली. पुणें विद्यापीठांत गणित शिकून, मुंबईच्या आय. आय. टी.मार्गें ते अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत गेले व तेथें डॉक्टर झाले. अंधांसाठीं असलेलीं वाचनसाधनें पडद्यावरचीं अक्षरें तेवढीं वाचून दाखवीत. समोर दिनदर्शिका असली तर नुसता ‘पंधरा’ हा आंकडा कानीं येई. वार आणि महिना डोळस माणसास मांडणीवरून कळे, अंधास कळत नसे. १९७६ सालीं एम्. आय. टी.मध्यें रिचर्ड स्टॉलमन व त्यांचे सहकारी यांनीं ‘ईमॅक्स’ नांवाचें लेखनसाधन सिद्ध केलें होतें आणि पुढें तें नव्यानें लिहिलें गेलें. त्याचा विशेष हा कीं, वापरणारास तें चालू असतांनाच बदलतां येतें. रामन यांनीं १९९५ सालीं त्यास वाणी दिली आणि तिचें नांव ‘ईमॅक्स्पीक’ ठेविलें. आतां तारखेवर जातांच वार, महिना व वर्ष यांसह पूर्ण तारीख उच्चारली जाते. आज्ञावली एका आवाजांत, तर तींतील टिपा निराळ्या आवाजांत ऐकूं येतात. माणूस तोच, अंगण मात्र त्यानें स्वतः सरळ करून घेतलें.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकानें आपापला विळा वांकविला तर सामुदायिक काम कसें चालावें? पेंढी सर्वांची सारखी बांधली गेली पाहिजे, हें खरें. पण त्यासाठीं विळाहि सारखाच हवा, असें नव्हे. कचेरीनें पेंढी तपासावी, मूठ कामकऱ्याची त्याला ठरवूं द्यावी. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. धार लावण्यांतच दिवस घालविणारा कापणी कधीं करणार? अक्षरांचे रंग निवडण्यांत आपली एक सबंध संध्याकाळ गेल्याचें माझ्या भाच्यानेंच कबूल केलें आहे! तेव्हां हें स्वातंत्र्य विवेकाशिवाय शोभत नाहीं. त्याबरोबर एक ऋणहि येतें. मूळचें ईमॅक्स ज्यांस दिलें जाई, त्यांनीं आपल्या सुधारणा परत पाठवाव्या, अशी अट होती. आपल्या हातासाठीं काढलेली धार दुसऱ्या डावखुऱ्यासहि उपयोगीं पडावी, हाच तिचा अर्थ.

साधन बदलण्याचा अधिकार म्हणजे केवळ सोय नव्हे. ज्यास तो नाहीं, त्याच्या साधनाचा दोष त्याच्या स्वभावाच्या खातीं मांडला जातो, आणि कांहीं काळानें तो स्वतःहि तसेंच मानूं लागतो. तीस वर्षें मी उत्तरपत्रिका तपासीत आलों. एकच वेळ, एकच भाषा, एकच ठराविक प्रश्न! त्यांत कितीजणांस मीं मंद ठरविलें, आणि त्यांपैकीं डावखुरे किती होते, याचा हिशेब आतां कोठें मिळावा?

गडावरून परत आल्यावर मीं भाच्यास दूरध्वनि करून माझे शब्द मागें घेतले. तो म्हणाला, "मामा, फार बरें वाटलें. कळ मात्र अजून जेथल्या तेथेंच आहे."