चवीचा विवेक

‘चांगली दारू’ हे दोन शब्द मराठीत एकमेकांशेजारी बसताना अवघडतात. चांगला चहा, चांगली भाकरी, चांगले गाणे असे आपण सहज म्हणतो. दारूची मात्र चव कुणी विचारीत नाही, परिणाम विचारतात. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या मनात दारूची एकच गोष्ट घर करून राहिली. पहिल्या प्याल्यापासून शेवटच्या प्याल्यापर्यंत संसार बुडत जातो, ही ती गोष्ट. ती खोटी नाही. एखादा सुधाकर आणि एखादी सिंधू आपण प्रत्येकाने आपल्या आळीत पाहिलेली असते. पण त्या गोष्टीत प्याल्यात नेमके काय होते, याला काहीच महत्त्व नाही. जी वस्तू मुळात वाईट, तिच्यात बरेवाईट काय निवडायचे? विषाची चव कोण घेत बसतो?

हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. मी सिल्वासात राहतो, महिन्यातून दोनतीन शनिवारी रात्री दोन पेग घेतो, आणि अलीकडच्या काही वर्षांत बर्बन नावाच्या अमेरिकन व्हिस्कीतले फरक मला कळू लागले आहेत. हे कळणे म्हणजे एखादा गुण आहे, की नुसते जिभेचे चोचले? चव ओळखणारा माणूस न ओळखणाऱ्यापेक्षा काही अधिक चांगला असतो का? हा प्रश्न पुण्यामुंबईत बसून विचारला असता तर तो दिवाणखान्यातला झाला असता. आमच्या गावात तो रस्त्यावर उभा आहे.

सिल्वासाचा नकाशाच तसा आहे. दादरा आणि नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९६१ मध्ये हा मुलूख भारतात रीतसर सामील झाला आणि २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश बनला. चहूकडून गुजरात आणि महाराष्ट्र. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला आजही परवाना लागतो, पण तो कोणी विचारीत नाही. गुजरातेत मात्र राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. साहजिकच शनिवारी वापीकडून येणाऱ्या रस्त्यावर गुजरातच्या गाड्यांची रांग लागते आणि एकतीस डिसेंबरला हद्दीवर पोलीस तोंडाचा वास घ्यायला उभे राहतात.

या रांगेतल्या माणसांना मी तीस वर्षे पाहत आलो आहे. सज्जन माणसे, व्यापारी, नोकरदार. पण त्यांचे पिणे घाईचे असते. परतीची वेळ डोक्यात असते, पुन्हा केव्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून ते ‘काय आहे’ असे विचारीत नाहीत, ‘किती बसेल’ असे विचारतात. बंदीने पिणे थांबते की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. बंदीमुळे चव मरते, एवढे मात्र मी इथे बसून सांगू शकतो. चवीला सवड लागते, आणि चोरून करायच्या गोष्टीला सवड कधीच नसते.

मला सवड मिळाली ती एका मित्राच्या मुलामुळे. तो अमेरिकेत असतो आणि येताना बाटली आणतो. पहिल्या वेळी जिम बीम आणली. मला ती व्हिस्की वाटलीच नाही. स्कॉचचा धुरकट कडवटपणा नाही, उलट काहीशी गोडसर, करपलेल्या गुळासारखी. पुढे मेकर्स मार्क आली, लाल मेणात गळा बुडवलेली. मग वाइल्ड टर्की. एकेक बाटली वेगवेगळ्या वर्षी प्यायलो तेव्हा सगळ्या सारख्याच ‘छान’ होत्या. एका संध्याकाळी तिघी शेजारी ठेवून थोडी थोडी चाखली, तेव्हा त्या बोलू लागल्या. मेकर्स मार्क मऊ, जिभेवर भाजलेल्या पोळीसारखी. वाइल्ड टर्की तिखट, मिरी-दालचिनीची आठवण देणारी. जिम बीम या दोघींच्या मधली, साधी, शेंगदाण्याच्या चवीची. एकटी वस्तू आपल्याविषयी फारसे सांगत नाही. तुलना हा दोष काढण्याचा उद्योग आहे असे आपण मानतो, पण बहुतेक वेळा वस्तू दिसू लागते ती तुलनेतच.

हे फरक येतात कुठून, याचा शोध घेतला तेव्हा मौज वाटली. बर्बन म्हणायचे तर धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. ओकच्या नव्या, आतून जाळून काळ्या केलेल्या पिंपात ती मुरली पाहिजे. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांहून जास्त नको आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नको. रंग किंवा स्वाद वरून घालायचा नाही. तो तांबूस रंग आणि ती व्हॅनिलाची गोडी सगळी त्या जळक्या लाकडाची. मक्याबरोबर राय असेल तर तिखटपणा येतो. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ. म्हणजे माझ्या जिभेने जे ‘पोळी’ म्हणून ओळखले ते खरोखरच गव्हाचे होते. आपल्याकडे व्हिस्की या नावाने जे खपते त्यातले बरेचसे उसाच्या मळीच्या मद्यार्कावर आधारलेले असते. युरोपच्या कायद्यात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’मधला एक किस्सा घेतला आहे. पिंपातली वाइन चाखून एकजण म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली लोखंडी किल्ली निघाली. ह्यूमचे म्हणणे असे, की चव ही केवळ ज्याची त्याची आवड नाही; वस्तूत काहीतरी असते आणि सूक्ष्म जिभेला ते सापडते. आपल्याकडे भरतानेही रस समजावताना दृष्टान्त घेतला तो जेवणाचाच. नाना व्यंजनांनी युक्त अन्न खाणाऱ्याला जसा आस्वाद मिळतो, तसा प्रेक्षकाला भावांचा. तेव्हा जिभेच्या ज्ञानाला अगदीच हलके मानण्याचे कारण नाही.

पण इथे एक गाठ आहे. मित्रांच्या बैठकीत एकदा आम्ही पाच जणांनी पेल्यांवर नुसते आकडे घालून चाखले. एकात आमच्या दुकानात मिळणारी साधी देशी व्हिस्की होती. तिघांनी तिलाच पहिला क्रमांक दिला. नावे उघड झाल्यावर त्यातल्या दोघांनी पेला पुन्हा तोंडाला लावला आणि म्हणाले, हो, आता जरा उग्र लागते खरी! जीभ तीच, पेला तोच, लेबल कळले आणि चव बदलली. म्हणजे ज्याला आपण रसिकता म्हणतो तिच्यात खरी किल्ली किती आणि बाटलीची किंमत किती, हे ज्याचे त्यानेच तपासायला हवे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचा आयातकर दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आला, तरीही एका बाटलीत इथल्या कंत्राटी कामगाराची आठवड्याची मजुरी जाते. एवढे पैसे मोजल्यावर चव न लागणे परवडत नाही.

आता मोहाकडे येतो, कारण माझ्या प्रश्नाचे खरे मूळ तिथे आहे. या प्रदेशात २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून थोडे अधिक लोक आदिवासी आहेत : वारली, धोडिया, कोकणा. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात आंबवायची, मडक्यावर मडके रचून गाळायची. आमच्या कारखान्यात एक वारली फिटर होता. त्याच्या आईच्या हातची मोहाची तो मला समजावून सांगे. ‘‘साहेब, फूल ओलं राहिलं तर कुबट वास येतो. गूळ टाकला तर डोकं धरतं. नुसत्या फुलाची असली तर घसा जळत नाही, नाकातून फूल निघतं.’’ पहिली धार कोणती, दुसरी कोणती, हे तो वासावर सांगत असे. बर्बनचे रसिक राय आणि गहू ओळखतात, त्याहून हे काय वेगळे? मराठी भाषेत दारूच्या गुणाचा म्हणून जो एकच शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो, तो ‘पहिल्या धारेचा’, हादेखील भट्टीवरूनच आलेला आहे. अस्सल गवयालासुद्धा आपण पहिल्या धारेचा म्हणतो. शब्द घेतला आणि भट्टीला मात्र ‘हातभट्टी’ म्हणून नाक मुरडले.

हे नाक मुरडणे आपोआप आलेले नाही. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावचे गाळणे बंद करून दारू सरकारी ठेक्यात आणली. १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांवर कायदा झाला. ठाणे-कुलाब्याकडे फूल वेचून बाळगणेही निर्बंधात आले. आमचा हा मुलूख पोर्तुगीज हद्दीत असल्याने त्यातून सुटला, एवढेच. पाचच वर्षांनी, १८९७ मध्ये, अमेरिकेनेही व्हिस्कीसाठी एक कायदा केला. एकाच कारखान्याची, एकाच हंगामाची, सरकारी कुलुपाखाली निदान चार वर्षे मुरलेली व्हिस्की असेल तर तसे बाटलीवर लिहावे. करवसुलीचा हेतू दोन्हीकडे होता. पण तिथल्या कायद्याने भेसळ करणाऱ्यांना आळा घालून करणाऱ्याच्या कसबाला प्रतिष्ठा दिली, आणि इथल्या कायद्याने कसबालाच गुन्हा ठरवले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक ओळखीचा दाखला मिळाला. मध्य प्रदेशाने २०२२ पासून मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान दिला. चव तीच, लेबल येईपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली.

चोरून करायला लावलेल्या कसबाचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे चाळीसहून अधिक. तिथे फुलाची दारू नव्हतीच, कारखान्यातले मिथेनॉल होते. गरिबाच्या तोंडी ‘चांगली दारू’ याचा अर्थ फार साधा असतो : सकाळी डोळे दिसतील अशी.

म्हणून मोहाची थोरवी गाऊन मी मोकळा व्हावे काय? तसेही करता येत नाही. याच पट्ट्यात १९२२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. सलाबाई नावाची देवी अंगात येते आणि दारू सोडा असे सांगते, अशी वार्ता ठाण्याच्या किनाऱ्याकडून डांगपर्यंत आणि दक्षिण गुजरातपर्यंत पसरली. हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि ज्या गुत्तेदारांच्या कर्जात ते बुडाले होते त्यांच्याकडे कामाला जाणेही सोडले. पुढे अनेक जण पुन्हा पिऊ लागले हे खरे. पण ज्यांना चव सर्वांत नीट कळत होती, त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली होती. त्यांना ती वाईट लागत होती म्हणून नव्हे, तर तिच्याबरोबर काय काय घरात शिरते हे दिसले म्हणून.

मिल म्हणतो, दोन सुखांपैकी श्रेष्ठ कोणते हे दोन्ही अनुभवलेल्याने ठरवावे. मला हे म्हणणे पटते, फक्त त्यात एक भर घालावीशी वाटते. अनुभवाबरोबर नकाराची ताकदही हवी. ज्याला तिसरा पेग नाकारता येत नाही, त्याला पहिल्याची चव कळली असे मी मानत नाही. त्याचा निर्णय जिभेने घेतलेला नसतो. आणि ज्याची जीभ किंमत पाहून बदलते, त्याचाही नाही.

तेव्हा चव ओळखणे हा गुण आहे का? माझे उत्तर असे, की ते लक्ष देण्याचे एक शिक्षण आहे, आणि लक्ष जिथे थांबते तिथवरच त्याची नैतिक किंमत. पेल्यातले गहू आणि राय ओळखून ते थांबले, तर तो शौक झाला. त्याला मी पाप म्हणत नाही, पण संस्कृतीही म्हणत नाही. तेच लक्ष पुढे जाऊन विचारू लागले, की हे कोणी गाळले, कोणाला गाळू दिले नाही, याचे पैसे कोणाच्या घरातून गेले, कोणाची बाई आज उंबऱ्यात वाट पाहत बसली आहे, तर जिभेचे ज्ञान विवेकाच्या जवळ जाते. बर्बनची बाटली माझ्या कपाटात आहे आणि ती मी टाकून देणार नाही. पण मोहाची एकदाही न चाखता तिला हलकी म्हणणारा माणूस माझ्यासमोर रसिकतेच्या गोष्टी करू लागला, तर मी त्याला थांबवतो.

तो फिटर आता निवृत्त होऊन खानवेलकडे शेती करतो. गळ्यात माळ घातल्याला त्याला पंधरा वर्षे झाली. थेंबही घेत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेलो तेव्हा शेजारच्या पाड्यावर कुठेतरी भट्टी लागली होती. वाऱ्यावर वास आला तसा तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, ‘‘फूल चांगलं वाळवलंय.’’ आणि पुन्हा भाताच्या रोपांविषयी बोलू लागला.