गोरोबाकाकांचे थापटणे आणि विमानतळावरची झडती



या खेपेचा विषय पाहून कोणी म्हणेल, पायी वारी करणाऱ्यांच्या मासिकात विमानाचे काय काम? परंतु दिवस पालटले आहेत. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सीची माती कपाळी लावून श्रीनामदेवरायांच्या मागोमाग पंजाबात घुमानला जाणारी मंडळी पूर्वी रात्री-रात्री आगगाडीत काढीत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले आणि ते नाव घरोघर झाले. आता मुलगा नाहीतर नातू तिकीट काढून देतो, आणि ज्यांनी जन्मात एसटीपलीकडे वाहन पाहिले नाही अशी म्हातारी माणसे विमानात बसतात. परत आली की घुमानच्या दर्शनाचे सांगण्याआधी गाऱ्हाणे एकच: "महाराज, आमची झडती घेतली हो!"

गाऱ्हाणे खोटे नाही. विमानतळावर टोपी काढा म्हणतात, चपला काढा म्हणतात. कमरेच्या चांदीच्या करदोट्याने ती दाराची चौकट ओरडू लागते, बाईच्या पाटल्या-जोडव्यांनी ओरडू लागते. पिशवीतला टाळ यंत्राच्या पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो. जाड पितळेतून आरपार दिसत नाही, म्हणून पिशवी उघडतात. बुक्क्याची पुडी सापडली की ही काळी भुकटी कसली, असा प्रश्न येतो. बिचारा म्हातारा काय सांगणार? विठोबाच्या पायीचा बुक्का म्हणावे, तर समोरच्या शिपायाला मराठी येत नाही.

मागे आमच्या भागातली काही मंडळी घुमानला निघाली होती. विमानतळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. पदराच्या गाठीला पितळेचा बाळकृष्ण, बोटाएवढा. नेहमी जवळ बाळगायच्या. तिथल्या बाईने सांगितले, गाठ सोडा आणि जे काय असेल ते ट्रेमध्ये ठेवा. आजींनी पाहिले, तर आदल्या माणसाने त्याच ट्रेमध्ये बूट ठेवलेले. आजी जागच्या हलेनात. मागची रांग कुरकुर करू लागली. बरोबरचा एक तरुण माळकरी तापला आणि ओरडला, "आम्ही माळ घातलेली माणसं, आम्ही काय चोर आहोत?" त्याबरोबर आणखी दोन शिपाई जवळ आले आणि साधी गोष्ट अवघड होऊन बसली.

आता या ठिकाणी थांबून श्रीनामदेवरायांचेच चरित्र आठवू. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. कोपऱ्यात कुंभाराचे थापटणे आहे. मुक्ताई विचारते, काका, हे कशाला? काका म्हणतात, कोणते मडके भाजले, कोणते कच्चे राहिले ते याने कळते. मग आमच्यातली मडकी पाहा की! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे वाजवीत चालले. सगळे गप्प बसले. नामदेवराय मात्र रागावले. देव ज्यांच्याशी बोलतो, जेवतो, त्यांच्या डोक्यावर थापटणे? काकांनी निकाल दिला: हे मडके कच्चे. पुढे देवानेही तेच सांगितले, आणि नामदेवरायांना आमच्या औंढ्या नागनाथास येऊन विसोबा खेचरांचे पाय धरावे लागले. ती कथा आपण जाणताच.

तरुण माळकऱ्याच्या ओरडण्यात जे बोलले ते तेच बोलले. माळ गळ्यात आहे म्हणून मला कोणी तपासू नये! अहो, माळ ही आपण देवाला दिलेली कबुली आहे. ती दुसऱ्याला दाखवायची सनद नव्हे. त्या शिपायाला माळ कळत नाही, आणि कळली तरी माळेआड कोण आहे हे त्याला कसे कळावे? माळा घालून लबाडी करणारे आपण पाहिले नाहीत काय? ते यंत्र तर त्याहून भोळे. ते धातू आहे एवढेच सांगते, पाप आहे असे सांगत नाही. आपणच त्याचा आवाज ऐकून आपल्यावर आळ आला असे धरून बसतो.

आणि ही तपासणी कोणाच्या हौसेने सुरू झालेली नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे कनिष्क विमान समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. बाँब ज्या पेटीत होता ती पेटी विमानात चढली होती, पेटीचा धनी चढलाच नव्हता. सामान एकाचे आणि माणूस दुसरीकडे असे होऊ नये म्हणून जी तपासणी वाढली, तिच्यामागे ती ३२९ घरे आहेत. २४ डिसेंबर १९९९ला काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान शस्त्रे दाखवून कंदाहारला नेले, आठ दिवस माणसे अडकली, एकाचा जीव गेला. त्यानंतर २००० सालच्या फेब्रुवारीत जयपूरपासून आरंभ करून एकेका विमानतळाची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. २००६च्या ऑगस्टात लंडनला पातळ पदार्थांतून स्फोट करण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून परदेशच्या विमानात हातातल्या पिशवीतून १०० मिलिलिटरहून मोठी बाटली बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आईचा चंद्रभागेच्या पाण्याचा तांब्या अडतो तो यामुळे. तिच्यावर कोणाचा राग नाही. तांब्या मोठ्या सामानात नीट बांधून दिला असता तर बिनतक्रार गेला असता.

येथे कोणी शंका घेईल, आणि ती रास्त आहे, की गोरोबाकाकांनी सर्वांच्या डोक्यावर थापटणे मारले. ज्ञानोबारायांना सोडले नाही, निवृत्तिनाथांना सोडले नाही. विमानतळावर मात्र झडतीतून सुटलेल्या मोठ्या पदांची यादी असते. मग आम्हा गरिबांच्याच डोक्यावर थापटणे का? आमच्या मते ही यादी जितकी तोकडी होईल तितके बरे. काही पदांना तसाच धोका असतो हे मान्य, पण प्रतिष्ठेपायी त्या यादीत नाव असावे अशी धडपड करणे हे कच्च्या मडक्याचेच लक्षण आहे.

याबाबतीत माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांचे पद त्या यादीत होते. तरी २१ एप्रिल २००९ रोजी दिल्लीला एका परदेशी कंपनीच्या माणसांनी विमानात चढण्यापूर्वी त्यांची झडती घेतली. त्यांनी मुकाट्याने घेऊ दिली. तीन महिन्यांनी ती गोष्ट संसदेत गाजली, कंपनीने माफी मागितली. २०११च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला तर ते विमानात बसल्यावर त्यांचा कोट आणि बूट तपासायला नेले. सरकारने निषेध केला, तोही योग्यच. परंतु ज्याची झडती झाली त्याने स्वतः आरडाओरड केली नाही. भाजलेले मडके असे असते.

दुसरी कुरकुर आमच्या कानावर येते, ती अधिक वाईट. शीख बांधवांची कृपाण चालते, मग आमचा टाळ का अडवता? कृपाण चालते ती देशातल्या देशात, आणि तिलाही माप आहे: पाते सहा इंचांपर्यंत, सगळी मिळून नऊ इंचांपर्यंत. ती त्यांच्या धर्माची खूण आहे. ज्यांच्या गुरुग्रंथसाहिबात आमच्या नामदेवरायांची एकसष्ट पदे आहेत, त्यांच्या सवलतीकडे वाकड्या डोळ्याने पाहणाऱ्याने घुमानला जाऊन काय मिळवले? त्यांना मिळाले म्हणून आपले गेले असे होत नाही. टाळ मोठ्या सामानात द्यावा, घुमानला पोचल्यावर मनसोक्त वाजवावा.

मात्र सगळे सोसावे आणि बोलू नये, असे आम्ही सांगत नाही. शबरीमलेच्या यात्रेकरूंचे पाहा. ते तुपाने भरलेला नारळ इरुमुडीत बांधून डोक्यावर नेतात. विमानात तो हातातल्या सामानात नेता येत नव्हता. यात्रेकरूंची अडचण सरकारच्या कानी गेली, आणि २०२४च्या ऑक्टोबरात नागरी विमानन सुरक्षा ब्युरोने त्या हंगामापुरती, २० जानेवारी २०२५पर्यंत, परवानगी दिली. तपासणी सुटली नाही. नारळ यंत्रातून जायचाच होता, पण यात्रेकरूच्या जवळ राहिला. तपासू नका म्हणणे निराळे, आणि तपासा पण देवाचा मान राखा म्हणणे निराळे. पहिले आम्ही मागू नये. दुसरे का मागू नये?

त्या दिवशी आजींनी काय केले ते सांगायचे राहिले. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. पिशवीतले धुतलेले उपरणे काढले, ट्रेमध्ये घडी करून अंथरले आणि त्यावर बाळकृष्ण ठेवला. त्या शिपाईबाईने हात जोडले की नाही कोण जाणे, पण मागच्या माणसाने आपले बूट मात्र दुसऱ्या ट्रेमध्ये टाकले. यंत्राच्या पलीकडे आजी आधी जाऊन उभ्या होत्या, देव बाहेर येईपर्यंत.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढे करावे. देवाची मूर्ती असेल तर बरोबर स्वच्छ वस्त्र ठेवावे. टाळ, पताकेची काठी, अडकित्ता आणि चंचीतला चाकू मोठ्या सामानात द्यावा. कापूर व काडेपेटी घरीच ठेवावी, ती कुठल्याच सामानात चालत नाही. घुमानला दोन्ही विकत मिळतील. सुके खोबरे तेलकट, दाबून ठेवले तर आपोआप तापते, म्हणून त्यालाही हरकत घेतात. प्रसाद म्हणून बत्तासे न्यावेत. करदोटा आणि पाटल्या वाजणारच, तेव्हा लाजू नये. बाईची तपासणी बाईनेच आणि पडद्याआड करायची असते; पुरुष पुढे आला तर हक्काने नाही म्हणावे. शरीरात यंत्र बसवले असेल त्याने डॉक्टरांची चिठ्ठी हातात ठेवून आधीच सांगावे.

आणि मूर्ती, पादुका, पोथी यांसाठी प्रत्येक विमानतळावर वेगळे, स्वच्छ ट्रे असावेत, एवढीच मागणी करणारे पत्र दिल्लीला ब्युरोकडे धाडावे, असे आम्हांस वाटते. ट्रे सर्व धर्मांच्या यात्रेकरूंसाठी मागावेत, एकट्या माळकऱ्यांसाठी नव्हे. कार्तिकीला फडाफडांतून मंडळी पंढरीत जमतील, तेव्हा विणेकऱ्यांनी आपापल्या दिंडीच्या सह्या घ्याव्यात. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालेल.