श्रेय कोणाचे?

ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार केली नाही, म्हणून अन्याय नाहीसा होतो काय? प्रश्न नीतीचा आहे. पण खगोलविज्ञानाच्या दोन पारितोषिकांनी तो आपल्यापुढे उभा केला आहे.

1967 साली जोसेलिन बेल ही चोवीस वर्षांची तरुणी केंब्रिज येथे संशोधक विद्यार्थिनी होती. सुमारे साडेचार एकर जागेत खांब रोवून, तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभारण्याच्या कामात तिने स्वतः अंगमेहनत केली. पुढे यंत्रातून रोज सुमारे शंभर फूट आलेखाचा कागद बाहेर पडे. तो ती बारकाईने तपाशी. त्यात तिला पाव इंचाची एक विचित्र खूण आढळली. मार्गदर्शक अँटनी ह्युईश यांना प्रथम ती मानवनिर्मित लहरींची वाटली. बेलने पिच्छा सोडला नाही. दर 1.3 सेकंदांनी येणारे ते स्पंद एका नव्या प्रकारच्या ताऱ्याचे निघाले. पल्सारचा शोध लागला तो असा.

1974 चे नोबेल मात्र ह्युईश आणि मार्टिन राईल यांना मिळाले. ह्युईश यांना ते पल्सारच्या शोधातील निर्णायक कामगिरीबद्दल होते. बेलचे नाव त्यात नव्हते. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी यावर जाहीर टीका केली. खुद्द बेलबाईंनी 1977 साली सांगितले की, संशोधनाच्या यशापयशाची अंतिम जबाबदारी मार्गदर्शकाची असते. आपली तक्रार नाही.

हा त्यांचा मोठेपणा होय. पण एकाचा मोठेपणा म्हणजे व्यवस्थेचा निर्दोषपणा नव्हे. ह्युईश यांचा वाटा कोणी नाकारीत नाही; दुर्बिणीची योजना त्यांचीच होती. परंतु जबाबदारी वरच्याची म्हणून श्रेयही वरच्याचेच, हा न्याय मानला तर खालच्याचे हात आणि डोळे हिशेबात कधी येणार? श्रेय ही मेहेरबानी नाही. कोणी काय केले याचे ते सत्यकथन आहे. आकड्यातली चूक न खपवणाऱ्या विज्ञानाने ही चूक का खपवावी?

2018 साली बेलबाईंना विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. रक्कम तीस लाख डॉलर. ती सगळी त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या संस्थेला दिली. हेतू हा की, स्त्रिया, अल्पसंख्य वंशांचे लोक, निर्वासित अशा, भौतिकशास्त्रात अभावानेच दिसणाऱ्यांना संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळावी. ही दया नव्हे. केंब्रिजमध्ये आपण परके आहोत, आपल्याला काढून टाकतील, या धास्तीने आपण अधिक काटेकोर काम केले आणि म्हणून ती खूण दिसली, असे त्या सांगतात. म्हणजे बाहेरच्या माणसाला आत घेण्यात ज्ञानाचाही लाभ आहे.

मात्र दार उघडले एवढ्याने भागत नाही. त्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीने उद्या काही शोधले, तर तिचे नाव कोठे लिहिले जाईल? याचे उत्तर देणे बेलबाईंच्या हाती नाही. ते मार्गदर्शकांनी आणि पारितोषिके देणाऱ्यांनी द्यायचे आहे.